छर्रे डबीतून थेट बंदुकीत नकोत

घरी काडतुसं भरायचा छंद परदेशात चालतो. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, तेव्हा तो नाद सोडा. ती हौस १० मीटर एअर रायफलचे (हवेच्या दाबाने चालणाऱ्या नेमबाजीच्या बंदुकीचे) छर्रे तपासून, निवडून भागवता येते.

४.५० मिमीचा मॅच (स्पर्धेचा) छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, शिशाचा, म्हणजे अगदी मऊ. त्याचा मागचा पोकळ घेर कागदासारखा पातळ असतो आणि तोच आधी चेपतो. कोथरूडहून बालेवाडीच्या नेमबाजीच्या रेंजवर स्कूटरने जाताना किती स्पीडब्रेकर लागतात ते मोजा! डबी अर्धी झाली की छर्रे खुळखुळतात. झाकणाखाली फोमचा गोल तुकडा दाबून बसवा, आवाज बंद झाला पाहिजे.

आदल्या रात्री पांढऱ्या कागदावर दिव्याखाली एकेक छर्रा उभा करून मागून बघा. घेर गोल दिसला तर ठेवा, लंबगोल दिसला तर सरावाला. माझ्या गेल्या डबीत असे बरेच निघाले, आणि मी उगाच ट्रिगरला दोष देत होतो.

एकेका छऱ्याचं वजन करणारेही आहेत. मला १० मीटरवर त्याचा फारसा उपयोग दिसला नाही. त्यापेक्षा दोन-तीन वेगळ्या लॉटच्या (लॉट म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेला माल) डब्या आणा, रायफल टेकवून प्रत्येकीचे पाच-पाच शॉट एकाच ठिकाणी धरून मारा. ज्याची भोकं एकमेकांत मिसळतील त्याच लॉट नंबरच्या आणखी डब्या घेऊन ठेवा.

शिसं विषारी असतं. छर्रा दातात धरू नका, आणि वडापावला हात लावण्याआधी साबणाने धुवा.