कुत्र्याच्या पोटातील पट्टकृमी: गोळी द्यावीच, पण पिसवाही घालवाव्यात

कुत्र्याच्या अंथरुणावर, शेपटीखालच्या केसांत किंवा ताज्या विष्ठेवर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे, वळवळणारे तुकडे दिसले, तर ते बहुधा पट्टकृमीचे, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या फितीसारख्या चपट्या जंताचे (टेपवर्म) सुटलेले भाग असतात. वाळल्यावर ते पिवळसर होऊन तिळासारखे दिसतात. असा तुकडा छोट्या डबीत घालून पशुवैद्यकाला दाखवावा, कारण अंडी या तुकड्यांत बंद राहत असल्याने विष्ठेच्या नेहमीच्या तपासणीत ती अनेकदा सापडतच नाहीत. मात्र कुत्रा बूड जमिनीवर घासतो म्हणजे त्याला जंतच झाले, असे धरून चालू नये; गुदद्वाराजवळच्या ग्रंथी भरल्या तरी तो तसेच करतो.

यावरचे खात्रीचे औषध प्राझिक्वांटेल हे आहे. त्याची तोंडावाटे द्यायची मात्रा साधारणपणे दर किलो वजनामागे 5 मिलिग्रॅम, म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला 50 मिलिग्रॅम इतकी असते. म्हणून अंदाजाने गोळी न देता आधी वजन करावे आणि मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी. पिल्लांना सहसा दिले जाणारे पायरँटेलचे पातळ औषध गोल जंतांवर चालते, पट्टकृमीवर त्याचा काहीही उपयोग होत नाही. तेव्हा ‘जंताचे औषध दिले आहे’ एवढ्यावर समाधान न मानता बाटलीवरचे घटक वाचावेत. गोळीनंतर विष्ठेत कृमी दिसला नाही तरी काळजी करू नये, कारण मेलेला कृमी बहुतेक वेळा आतड्यातच विरघळतो.

खरी अडचण यापुढे आहे. प्राझिक्वांटेलचा परिणाम शरीरात टिकून राहत नाही, आणि कुत्र्यांत सर्वाधिक आढळणारा पट्टकृमी पिसवांमधून येतो. पिसवेच्या अळ्या कृमीची अंडी खातात, त्या अळीची पिसू होते, आणि अंग चावताना कुत्रा ती पिसू गिळतो; त्यानंतर तीन-चार आठवड्यांत तुकडे पुन्हा दिसू लागतात. गोळी लागू पडली नाही अशी तक्रार आपण करतो, तेव्हा बहुतेकदा हे नवे संक्रमण असते.

पिसवा आहेत का, हे पाहण्यासाठी कुत्र्याला पांढऱ्या फडक्यावर उभे करून कमरेपासून शेपटीपर्यंत बारीक दातांची फणी फिरवावी आणि खाली पडलेले काळे कण ओल्या कापसावर टिपावेत. कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पचलेल्या रक्ताची, म्हणजे पिसवांची विष्ठा होय. मग फिप्रोनिलसारखे औषध घरातल्या सर्व कुत्र्या-मांजरांना, कुत्र्याला कुत्र्याचे आणि मांजराला मांजराचेच, सलग काही महिने द्यावे. परमेथ्रिन असलेले कुत्र्याचे औषध मांजराच्या जिवावर बेतू शकते. अंथरूण दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवावे, सोफ्याच्या फटी आणि सतरंजीखालची धूळ काढावी. पिसवांचे कोष घरात कित्येक आठवडे तग धरतात, त्यामुळे सुरुवातीला नव्या पिसवा दिसत राहिल्या तरी उपचार सोडू नयेत.

पिल्लांच्या बाबतीत विशेष जपावे. चार आठवड्यांखालच्या पिल्लांना प्राझिक्वांटेल देऊ नये, आणि पिसवांची अनेक औषधेही इतक्या लहान वयात चालत नाहीत. त्यांना रोज फणी फिरवून निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात टाकणे आणि आईवर उपचार करणे, हाच सुरक्षित मार्ग आहे. पिल्लाच्या हिरड्या फिकट पडल्या असतील, तर पिसवांनी रक्त शोषल्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

गावाकडे, धनगरांच्या वाड्यांवर आणि मटणाच्या दुकानांभोवती वावरणाऱ्या कुत्र्यांना आणखी एक, काही मिलिमीटरांचाच पट्टकृमी होतो, आणि माणसाच्या दृष्टीने तो सर्वांत घातक आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या गाठी असलेल्या फुप्फुसांतून किंवा काळजातून तो कुत्र्याच्या पोटात जातो; कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडलेली त्याची अंडी हातावाटे आपल्या तोंडात गेली, की यकृतात वा फुप्फुसांत पाण्याने भरलेल्या गाठी वर्षानुवर्षे वाढत राहतात. कृमी इतका बारीक असल्याने तो डोळ्यांना दिसेल याची वाट पाहून उपयोग नाही. असे अवयव कुत्र्याला कच्चे कधीही घालू नयेत. ते अर्धा तास उकळावेत किंवा कुत्र्यांना उकरता येणार नाहीत इतके खोल पुरावेत. ज्या कुत्र्याला अशा खाण्यापासून रोखता येत नाही, त्याला दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल देण्याविषयी पशुवैद्यकाशी बोलावे, आणि त्याच्याशी खेळलेल्या मुलांचे हात जेवणाआधी साबणाने धुऊन घ्यावेत.