पामसाठी पहिला प्रोग्राम लिहिताना

मार्च १९९६ मध्ये यू. एस. रोबोटिक्स कंपनीने पायलट १००० आणि पायलट ५००० ही तळहातावर मावणारी दोन छोटी संगणकयंत्रे बाजारात आणली; हेच घराणे पुढे पाम या नावाने ओळखले गेले. पहिल्यात १२८ किलोबाइट मेमरी होती, दुसऱ्यात ५१२. दोन्हींचा पडदा १६० बाय १६० ठिपक्यांचा, प्रोसेसर मोटोरोलाचा १६ मेगाहर्ट्झचा ड्रॅगनबॉल, आणि हे सगळे चालायचे दोन ट्रिपल-ए सेलांवर. ज्याला सी भाषा येते, असा माणूस आज या घराण्यातल्या यंत्रासाठी प्रोग्राम लिहायला बसला, तर भाषा त्याला फारशी अडवत नाही. अडवतात त्या मोठ्या संगणकावर अंगवळणी पडलेल्या सवयी. तिथे आपण फाइल उघडतो, तिची प्रत मेमरीत घेतो, प्रतीत बदल करतो आणि शेवटी ती परत साठवतो. पामच्या मेमरीत मुळात फाइलच नसते. माहिती मेमरीत जिथे असते तिथेच कायम राहते, आणि प्रोग्राम थोडा वेळ तिच्याकडे येऊन जातो. ही एक गोष्ट नीट उमगली की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप सुटतात, म्हणून या लेखात बराचसा वेळ तिच्यावरच घालवला आहे.

अवजारांचे आधी उरकून घेऊ. पामसाठीचे कोडवॉरियर हे विकत मिळणारे साधन त्या काळी व्यावसायिक मंडळी वापरत. शिकणाऱ्याने पीआरसी-टूल्स हा जीसीसी या कंपायलरवर आधारलेला मोफत संच घ्यावा. त्याच्या जोडीला पिलआरसी लागते, जे साध्या मजकुरात लिहिलेल्या वर्णनावरून फॉर्म (म्हणजे पडद्यावर दिसणारी पाने), बटणे आणि मेनू तयार करते. पाम ओएस या प्रणालीच्या हेडर फायली ३.५ आवृत्तीच्या घेतल्या तर पाम ३ पासून पुढच्या बहुतेक यंत्रांना त्या पुरतात, मात्र ३.५ मध्ये नव्याने आलेले फंक्शन जुन्या यंत्रावर हाक मारूनही सापडत नाही, म्हणून सुरुवातीलाच प्रणालीची आवृत्ती विचारून घेण्याची सवय लावावी. २००२ साली आलेल्या पाम ओएस ५ पासून यंत्रांत एआरएम प्रोसेसर बसवले गेले. तरी जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेले प्रोग्राम तिथे नकलेच्या थरावर चालतात, त्यामुळे शिकताना जुन्याच प्रोसेसरसाठी लिहिणे शहाणपणाचे.

यंत्र हाताशी असले तरी रोजचे काम एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर करावे. पोझ या नावाने ओळखला जाणारा जुना एम्युलेटर, किंवा त्याच्याच पायावर उभा असलेला आणि ब्राउझरमध्ये चालणारा क्लाउडपायलट-इम्यू, यांपैकी कोणताही चालेल. दोन्हींना यंत्राच्या रॉमची, म्हणजे प्रणाली ज्यात असते त्या कायमस्वरूपी मेमरीची, प्रत लागते आणि ती आपल्याच यंत्रातून काढून घेता येते. पोझचा मोठा गुण असा की तो यंत्रापेक्षा कडक आहे. खऱ्या यंत्रावर खपून जाणारी चूक, उदाहरणार्थ प्रणालीच्या मेमरीत डोकावणे, तो लगेच पकडतो आणि खडसावतो.

उदाहरणासाठी एक लहानसा प्रोग्राम डोळ्यांपुढे ठेवू: कोणते पुस्तक, कोणाला, कोणत्या तारखेला वाचायला दिले याची यादी. सर्वांत आधी त्याला चार अक्षरांची ओळख द्यावी लागते, जिला क्रिएटर आयडी म्हणतात. चारही अक्षरे लहान लिपीतली असलेले आयडी प्रणालीसाठी राखीव आहेत, म्हणून निदान एक अक्षर मोठ्या लिपीतले घ्यावे आणि ते दुसऱ्या कोणाशी जुळत नाही हे पाहावे. हा नुसता उपचार नाही. वापरणाऱ्याने प्रोग्राम काढून टाकला की प्रणाली त्याच आयडीचे सगळे डेटाबेसही, म्हणजे साठवलेल्या नोंदींचे संच, पुसते. उसन्या आयडीमुळे दुसऱ्याची माहिती आपल्या प्रोग्रामबरोबर नाहीशी होऊ शकते.

प्रोग्रामचे प्रवेशद्वार म्हणजे पायलटमेन हे फंक्शन. नेहमीच्या मेनपेक्षा ते वेगळे आहे, कारण त्याला बोलावताना प्रणाली कशासाठी बोलावले हेही सांगते. शून्य हा क्रमांक आला तर वापरणाऱ्याने प्रोग्राम उघडला आहे. इतर क्रमांकांपैकी एखादा आला तर यंत्र पुन्हा सुरू झाले आहे, सिंक (मोठ्या संगणकाशी माहितीची जुळवणी) नुकतेच संपले आहे, किंवा यंत्रभर शोध चालू आहे आणि तुमच्या नोंदींतही तो शब्द आहे का असे विचारले जात आहे. अशा छोट्या हाकांच्या वेळी सहसा ग्लोबल व्हेरिएबल अस्तित्वातच नसतात. मी माझ्या पहिल्या प्रोग्राममध्ये उघड्या डेटाबेसचा संदर्भ ग्लोबलमध्ये ठेवला होता आणि शोधाच्या हाकेला उत्तर देणाऱ्या भागातही तोच बिनधास्त वापरला होता. प्रोग्राम स्वतः उघडल्यावर सगळे सुरळीत चालायचे. पण दुसऱ्याच प्रोग्राममध्ये असताना शोध घेतला की यंत्र कोसळायचे, आणि दोष कोणाचा हे कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या. म्हणून शून्याखेरीज इतर हाकांना उत्तर देणाऱ्या कोडने लागणारी प्रत्येक गोष्ट तिथल्या तिथे उघडावी आणि तिथेच बंद करावी. शिकताना तर अशा हाकांना सरळ परत पाठवावे. त्याने काही बिघडत नाही.

शून्याची हाक आली की डेटाबेस उघडायचा, पहिला फॉर्म मागवायचा आणि घटनांच्या (पडद्यावरची टिचकी, दाबलेले बटण अशांच्या) फेऱ्यात शिरायचे. हा फेरा जवळजवळ प्रत्येक पाम प्रोग्राममध्ये सारखाच असतो: घटना मागायची, ती आधी प्रणालीला दाखवायची, तिने नाकारली तर मेनूला, मग आपल्या स्वतःच्या हाताळणीला, आणि शेवटी चालू फॉर्मला. क्रम बदलू नये, कारण प्रणालीला पहिला मान न मिळाल्यास यंत्राची बटणे आणि हस्ताक्षर ओळखण्याचा भाग दोन्ही मुके होतात. घटना मागताना ‘कितीही वेळ थांबेन’ असे सांगावे. तसे सांगितले की पुढची घटना येईपर्यंत प्रोसेसर डुलकी घेतो आणि सेल टिकतात. उलट, काहीच काम नसताना फेरा सतत पळत ठेवणारा प्रोग्राम कितीही देखणा असला तरी सेल पिऊन टाकतो. खेळ किंवा घड्याळ लिहायचे असेल तर थांबण्याची मुदत टिकांमध्ये द्यावी. या यंत्रांवर एका सेकंदाच्या शंभर टिका होतात.

नवशिक्याचा पडदा कोरा राहतो तेव्हा कारण बहुधा एकच असते. फॉर्म मेमरीत आणणे आणि तो पडद्यावर काढणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीत फॉर्म तयार करून त्याला हाताळणीचे फंक्शन जोडायचे, दुसरीत तो काढण्याची आज्ञा द्यायची. दुसरी घटना ‘मी हाताळली’ असे सांगून काढायची आज्ञा मात्र विसरली, तर प्रणाली तुमच्या शब्दावर विश्वास ठेवते आणि काहीच दिसत नाही.

प्रोग्राम बंद करण्याचे बटण ठेवू नये. वापरणारा दुसरा प्रोग्राम उघडतो, तुमच्या फेऱ्यात थांबण्याची घटना येते, तुम्ही फॉर्म आणि डेटाबेस बंद करून निघून जाता. साहजिकच ‘बदल साठवायचे का?’ असा प्रश्न विचारायलाही जागा उरत नाही. वापरणाऱ्याने लिहिले की ते लिहिले गेले, एवढेच त्याला ठाऊक असायला हवे.

आता नोंदीकडे वळू. पामची मेमरी दोन भागांत विभागलेली असते: चालू कामासाठीची बदलती मेमरी आणि साठवणीची मेमरी. पाम ओएस ३.० मध्ये बदलत्या भागाला ९६ किलोबाइट मिळत, आणि त्यातलाच वाटा प्रणालीही घेई. स्टॅक तर जेमतेम काही किलोबाइटचा. मोठा अ‍ॅरे फंक्शनच्या आत घोषित करण्याची सवय इथे पहिल्याच दिवशी महागात पडते. साठवणीचा भाग मोठा असतो, पण त्यावर सरळ लिहिता येत नाही. त्याला हार्डवेअरचेच संरक्षण आहे, आणि पॉइंटर घेऊन तिथे काही टाकायला गेलात तर प्रोग्राम तिथल्या तिथे मोडतो. वाचायला मुभा आहे. लिहायचे असेल तर डीएमराइट या फंक्शनला नोंदीचा पत्ता, तिच्यातले अंतर, मजकूर आणि लांबी सांगावी लागते, आणि ते सीमा तपासून मगच लिहिते.

पुस्तकांच्या यादीतली एक नोंद अशी मांडू: सुरुवातीला दोन बाइटांत तारीख, मग एका बाइटात पुस्तक परत आले की नाही याची खूण, त्यानंतर माणसाचे नाव आणि शून्य बाइट, मग पुस्तकाचे नाव आणि शून्य बाइट. नावांना ठरावीक जागा न दिल्यामुळे नोंद लागेल तेवढीच लांब होते. तारीख दोन बाइटांत कशी मावते, हे पाहण्यासारखे आहे: वर्षाला सात बिट, महिन्याला चार आणि दिवसाला पाच. वर्ष १९०४ पासून मोजले जाते आणि सात बिटांत १२७ पर्यंतच आकडे बसतात, म्हणून ही तारीख २०३१ च्या पुढे जाऊच शकत नाही. आज नवा प्रोग्राम लिहिणाऱ्याला ही भिंत फार दूर नाही, हे ध्यानात असू द्यावे.

तारीख सुरुवातीलाच ठेवण्याला कारण आहे. हा प्रोसेसर दोन बाइटांचा आकडा विषम पत्त्यावरून वाचू शकत नाही. वाचायला गेला की चूक दाखवून थांबतो. नावे आधी ठेवून तारीख त्यांच्या मागे ठेवली असती, तर नावातल्या अक्षरांच्या संख्येप्रमाणे ती कधी सम पत्त्यावर आली असती, कधी विषम. असा प्रोग्राम एका माणसाच्या नोंदीवर छान चालतो आणि दुसऱ्याच्या नावावर कोसळतो, आणि लिहिणारा नावात काय खोट आहे ते शोधत बसतो. याच यादीचा डेटाबेस मोठ्या संगणकावर तयार करणार असाल तर आणखी एक पथ्य: पाम मोठा बाइट आधी ठेवते, नेहमीचे संगणक लहान, म्हणून प्रत्येक आकडा उलटून लिहावा लागतो. त्या फायलीचे शीर्षक ७८ बाइटांचे असते आणि पुढे प्रत्येक नोंदीसाठी आठ बाइटांची एक खूण येते; हेक्स संपादकात ते बाइट एकेक करून मोजून पाहण्यात एक संध्याकाळ घालवावी, ती वाया जात नाही.

नोंद हाताळताना क्रम असा. नोंद मागायची, मिळते ते हँडल, म्हणजे पत्ता नव्हे तर पत्त्याची चिठ्ठी, कारण जागा करण्यासाठी प्रणाली मेमरीचे तुकडे इकडचे तिकडे हलवत असते. हँडल लॉक केले की तुकडा जागी थांबतो आणि पॉइंटर मिळतो. काम झाले की अनलॉक करायचे, आणि मग नोंद बदलली की नाही हे सांगून ती परत सोडायची. शेवटची पायरी विसरली तर नोंदीवर ‘कामात आहे’ अशी खूण तशीच राहते आणि पुढच्या वेळी तीच नोंद बदलायला मागितली तर मिळत नाही. अनलॉक विसरले तर लगेच काही दिसत नाही, आणि तेच धोक्याचे: खिळ्यांसारखे ठोकलेले तुकडे मेमरीत साठत जातात आणि एके दिवशी एकूण जागा भरपूर असूनही सलग जागा मिळत नाही. नुसते वाचायचे असेल तर ‘कामात आहे’ची खूण न लावणारे दुसरे फंक्शन आहे; यादी दाखवताना तेच वापरावे. एका नोंदीची मर्यादा ६४ किलोबाइटांपेक्षा किंचित कमी आहे, पण आपल्या यादीला तिची कधी आठवणही होणार नाही.

मजकुराच्या चौकटींचा एक सापळा मात्र सांगायलाच हवा. चौकटीला मजकुराचे हँडल दिले की ती त्याची मालक होते आणि फॉर्म बंद होताना ते हँडल मोकळे करून टाकते. साठवणीतल्या नोंदीचेच हँडल चौकटीला देऊन तिथल्या तिथे संपादन करता येते, ही पामची मोठी सोय. पण फॉर्म बंद होण्यापूर्वी चौकटीकडून ते काढून घेतले नाही, तर चौकट नोंदीच्याच मुळावर उठते. आपल्या नोंदीत मजकुराआधी तारीख असल्यामुळे, निदान पहिल्या प्रयत्नात, नावांची प्रत करून ती चौकटीला द्यावी आणि बदल डीएमराइटने परत लिहावेत.

डेटाबेस तयार करतानाच त्यावर बॅकअपची खूण लावावी. या यंत्रांत माहिती रॅममध्येच असते आणि सेल पूर्ण संपले की ती जाते. संगणकाच्या बाजूने वेगळा जोडप्रोग्राम लिहिला नसला, तरी ही खूण असलेला डेटाबेस हॉटसिंकच्या, म्हणजे पामच्या सिंकच्या वेळी संगणकावर उतरवून घेतला जातो.

पडद्याची मांडणी सर्वांत शेवटी सांगतो आहे, पण करायची मात्र कोड लिहिण्याआधी. पहिल्या पायलटचे जनक जेफ हॉकिन्स यांनी यंत्र तयार होण्यापूर्वी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात बाळगला होता आणि वेळ आली की तो काढून त्यावर लिहिण्याचा अभिनय ते करत. ठोकळा नसला तरी कागदाचा चौकोन कापावा, त्यावर शीर्षकपट्टीखाली यादीच्या सुमारे अकरा ओळी आखाव्यात आणि पेन्सिलीने टिचक्या मोजाव्यात: दिलेले पुस्तक नोंदवायला किती, परत आले म्हणून खूण करायला किती. माझ्या पहिल्या आराखड्यात खूण करायला चार टिचक्या लागत होत्या. यादीतल्या ओळीच्या डाव्या टोकालाच चौकोन ठेवल्यावर एक उरली. कोड लिहून झाल्यावर हा बदल करायचा असता तर दोन फॉर्म मोडावे लागले असते.

प्रोग्राम चालू लागला की पोझमधल्या ग्रेमलिनांच्या हवाली करावा. ग्रेमलिन म्हणजे पडद्यावर वाटेल तिथे टिचक्या मारणारा आणि वाटेल ते लिहिणारा अदृश्य वापरकर्ता. प्रत्येक ग्रेमलिनला क्रमांक असतो आणि त्याच क्रमांकाचा ग्रेमलिन, सुरुवातीची स्थिती तीच असेल तर, पुन्हा त्याच खोड्या त्याच क्रमाने करतो, म्हणून सापडलेली चूक पुन्हा घडवून पाहता येते. रात्री यादीत चार-पाच नोंदी भरून, त्या स्थितीची प्रत ठेवून ग्रेमलिन सोडावा. सकाळी तो कोणत्या घटनेपाशी अडकला आहे ते पाहावे, आणि तिथल्या कोडमध्ये सर्वांत आधी न सोडलेली नोंद शोधावी.