समोरच्याला डिप्लोमॅटिक इम्युनिटी खरंच आहे का, आणि किती, हे कसं बघायचं

डिप्लोमॅटिक इम्युनिटी म्हणजे परदेशी सरकारच्या अधिकाऱ्याला इथल्या अटक-खटल्यापासून मिळणारं कवच. कोणी "मला इम्युनिटी आहे" म्हटलं की लोक तिथेच गप्प बसतात, तसं करू नका, आधी त्याचं पद बघा. नुसता डिप्लोमॅटिक पासपोर्ट असून भागत नाही, त्याची नेमणूक तुमच्या देशात आहे का आणि परराष्ट्र खात्याला तसं कळवलंय का ते महत्त्वाचं.

दूतावासातला राजनैतिक अधिकारी असेल तर १९६१ चा व्हिएन्ना करार, आणि ते कवच भक्कम आहे, अटक नाही, फौजदारी खटला नाही, घराची झडतीपण नाही. वाणिज्य दूतावासातल्यांना (कॉन्स्युलेट, जिथे व्हिसा-पासपोर्टसारखी कामं होतात) मात्र १९६३ चा व्हिएन्ना करार, म्हणजे फक्त ऑफिसच्या कामापुरतं संरक्षण, गंभीर गुन्ह्यात कोर्टाच्या आदेशाने अटकसुद्धा होते. भारतीय अधिकारी देवयानी खोब्रागडे यांचं प्रकरण आठवा, डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कला अटक झाली तेव्हा त्या वाणिज्य दूतावासात होत्या आणि आरोप घरकामाच्या बाईच्या व्हिसा-पगाराचा, तो ऑफिसच्या कामात येत नाही असं अमेरिकेचं म्हणणं, मग भारताने त्यांना संयुक्त राष्ट्रांतल्या (यूएन) आपल्या मिशनवर नेमलं, तिथे पूर्ण राजनैतिक इम्युनिटी मिळते, आणि मार्च २०१४ मध्ये कोर्टाने त्याच पूर्ण इम्युनिटीमुळे आरोप रद्द केले (दोन दिवसांत नवे आरोप ठेवले गेले ती गोष्ट वेगळी). माणूस तोच, पद बदललं की सगळं बदललं.

आता भांडण कशाचं आहे ते बघा. खाजगी जमीन-घर, वारसा, किंवा नोकरीबाहेर केलेला धंदा, या तीन बाबतीत राजनैतिक अधिकाऱ्यावरही दिवाणी दावा चालतो.

आणि हे नीट लक्षात घ्या, इम्युनिटी त्या माणसाची नसते, त्याला पाठवणाऱ्या देशाची असते, त्यामुळे ती काढून घ्यायचा हक्कही त्या देशालाच. म्हणून तक्रार लेखी द्या, पोलिसांत नोंदवा, आणि परराष्ट्र खात्यामार्फत इम्युनिटी सोडायची मागणी करायला लावा. १९९७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये जॉर्जियाच्या एका अधिकाऱ्याच्या गाडीच्या अपघातात सोळा वर्षांची मुलगी मेली, जॉर्जियाने इम्युनिटी सोडली आणि त्याला शिक्षा झाली. देशाने नकार दिला तर यजमान देश त्याला नकोसा ठरवून परत पाठवू शकतो, त्याने पीडिताच्या हाती काही पडत नाही हे मला फार खटकतं.

तरीपण पुरावे फेकू नका. पद सुटून तो देश सोडायची मुदत संपली की खाजगी कृत्यांचं कवच जातं, तो पुन्हा त्या देशात आला तर खटला चालू शकतो.