स्ट्रॉचा डबा गल्ल्याखाली ठेवा

इंदूरला राजेंद्रनगरात माझं बारा खुर्च्यांचं उपाहारगृह आहे. सकाळी पोहे-जिलबी, दुपारनंतर पन्हं, पियुष, कोकम सरबत, सोलकढी आणि शिकंजी. शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे बरं का. आमच्या इंदुरी शिकंजीत आटवलेलं दूध, दही, केशर आणि सुका मेवा असतो. पुण्याची माझी नणंद दर वेळी "वहिनी, लिंबू कुठंय?" म्हणून विचारतेच.

प्लास्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आली १ जुलै २०२२ ला. नियम निघाला होता ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे हाताशी दहा-अकरा महिने होते. ते सगळे मी 'त्याच्या जागी काय आणू' या शोधात घालवले. तिथेच चुकलं. आधी बघायला हवं होतं की मुळात स्ट्रॉ लागतो कोणाला.

तर पहिलं काम: आठवडाभर काही बदलू नका, रात्री टेबलं पुसताना नुसतं बघा. मी बघितलं तर निम्मे स्ट्रॉ कोरडेच. लोकांनी काढून ताटलीत ठेवलेले, मुलांनी गाठी मारलेले. आमच्या काउंटरवरचा मुलगा तर सोलकढीतसुद्धा स्ट्रॉ खोचत होता! सोलकढी कोणी स्ट्रॉने पितं का? विचारलं तर म्हणाला, "काकू, हात आपोआप जातो." खरंच होतं ते. डबा ग्लासांच्या शेजारीच होता, उजव्या हाताला.

डबा उचलून मी गल्ल्याखालच्या खणात टाकला. आता स्ट्रॉ द्यायचा तर वाकायला लागतं. एवढ्यानेच फरक पडला, पैसा खर्च न होता.

एक गोष्ट मात्र सांभाळा. "स्ट्रॉ हवा का?" असं विचारत बसू नका. विचारलं की माणूस हो म्हणतो. आपल्याकडे फुकटची वस्तू नाकारायला जिवावर येतं. ग्लास समोर ठेवा आणि गप्प राहा. ज्याला हवा तो "आंटी जी, स्ट्रॉ?" म्हणतोच. मग लगेच द्या, भाषण देऊ नका.

मागणाऱ्यांना तो का लागतो ते बघितलं, तर दोष बहुतेक आमच्याच ग्लासात निघाला. चुरलेला बर्फ ओठाला, दाताला लागतो; म्हणून मी सरबतच फ्रिजमध्ये गार करून ठेवते आणि वर बर्फाचे दोन मोठे खडे टाकते. काठोकाठ भरलेला ग्लास उचलताना सांडतो, म्हणून लोक आधी स्ट्रॉने चार घोट ओढतात. दोन बोटं कमी भरा, त्यासाठी ग्लास जरा मोठा घ्या. पन्ह्यात गराचे तंतू येत असतील तर गाळणीतून काढा. सब्जा घातलेलं सरबत आणि शिकंजी यांना फालुद्याचा लांब दांड्याचा स्टीलचा चमचा द्या. शिकंजी स्ट्रॉने ओढणं म्हणजे गालांचा व्यायाम; तळाचे काजू-पिस्ते तसेच राहतात ते वेगळंच.

तरीही काहींना स्ट्रॉ लागतोच, आणि तो मिळालाच पाहिजे. माझ्याकडे एक आजोबा येतात, त्यांचा हात थरथरतो. दाताचं काम करून आलेले असतात, ज्यांना ग्लास उचलता येत नाही असे असतात. यांच्यासाठी वाकणारा स्ट्रॉ वेगळा ठेवा, आणि "कशाला हवा?" हे कधीही विचारू नका. मधे वाकणाऱ्या स्ट्रॉचं पेटंट अमेरिकेत जोसेफ फ्रीडमनने १९३७ साली घेतलं. त्याची लहान मुलगी उंच काउंटरपाशी सरळ नळीने मिल्कशेक पिताना धडपडत होती म्हणून. पुढे विक्री सुरू झाली ती रुग्णालयापासून.

आता खरेदी. कागदी स्ट्रॉ घेण्याआधी नमुना मागा. तुमचं सर्वांत आंबट सरबत ग्लासात घ्या, स्ट्रॉ बुडवा, घड्याळ लावा. वीस मिनिटांनी टोक चिमटीत दाबा. लगदा झाला तर परत करा. कागद आहे म्हणजे सगळं सोवळं, असंही नाही. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये स्ट्रॉ तपासले, तेव्हा २० कागदी ब्रँडपैकी १८ मध्ये पीएफएएस ही न विघटणारी रसायनं सापडली. प्रमाण थोडं होतं, पण म्हणूनच मी कागदीसुद्धा मागितल्याशिवाय देत नाही.

इथल्या सियागंजच्या ठोक बाजारातून मी एकदा 'कंपोस्टेबल' म्हणून हजार स्ट्रॉ उचलले. दिसायला अगदी प्लास्टिक. घरी येऊन पाकीट उलटंपालटं केलं, तर त्यावर एका हिरव्या पानाच्या चित्राशिवाय काही नव्हतं. कंपोस्टेबल प्लास्टिकला सूट आहे, पण ते आयएस १७०८८ या मानकाचं हवं आणि उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. मी प्रत मागितली, व्यापारी हसला. पैसे गेले ते गेले. शिवाय खरं कंपोस्टेबलही परसातल्या कुंडीत विरघळत नाही, त्याला खत करण्याच्या कारखान्यातली उष्णता लागते.

आमच्याकडे ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो. २०२२ मध्ये तो सुरू झाला तेव्हा तिथे रोज ५५० टन पचवायची सोय होती. त्यात प्लास्टिकची नळी गेली की ती वेचून काढणं आलं. सुक्यात टाकली तरी इतकी हलकी आणि बारीक, की भंगारवाला तिच्यासाठी वाकत नाही. जुना साठा 'संपवून टाकू' म्हणून गिऱ्हाइकांना देऊ नका, ते नियमाविरुद्धच आहे. एका पिशवीत बांधून प्लास्टिक म्हणून वेगळा कचरागाडीत द्या.

पार्सलला तर स्ट्रॉ देऊच नका. घरी पेले असतात. ऑर्डर घेणाऱ्या ॲपवर चमचे-स्ट्रॉ नको असं आधीच ठरवून ठेवता येत असेल तर ठेवा, आणि पार्सल बांधणाऱ्या मुलालाही सांगा, नाहीतर तो प्रेमाने दोन जास्तच टाकतो.

राहिला धुऊन वापरायचा स्ट्रॉ. स्टीलचा टिकतो, पण आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून गिऱ्हाईक डोळा लावून बघतं. मी जाड बोरोसिलिकेट काचेचे घेतले, मोजून चोवीस. स्वच्छ आहे ते समोरच दिसतं. लहान मुलांना स्टीलचाही नको आणि काचेचाही नको. तोंडात धरून पळतात.

धुण्याची रीत महत्त्वाची. पियुष किंवा दुधाचं काही असेल तर स्ट्रॉ टेबलावरून उचलल्या उचलल्या गार पाण्यात टाका. आधी गरम पाणी घातलंत तर दूध आतल्या आत शिजून चिकटतं. हे मी तीन स्ट्रॉ फेकल्यावर शिकले. मग साबणाच्या गरम पाण्यात नायलॉनचा बारीक ब्रश दोन्ही टोकांकडून फिरवा, एकीकडून नाही. उजेडाकडे धरून आरपार बघा. आडवे ठेवले तर आत पाणी राहतं आणि दुसऱ्या दिवशी वास येतो, म्हणून तळाला भोकं असलेल्या चमच्यांच्या उभ्या डब्यात रात्रभर निथळत ठेवा. ब्रशही टांगून वाळवा.