गोळ्या घरात कुठे आणि कशा ठेवायच्या

पहिलं म्हणजे फ्रिजच्या डोक्यावर, गॅसच्या वरच्या फळीवर किंवा बाथरूमच्या कपाटात गोळ्या ठेवूच नका, उष्णता आणि दमट हवा दोन्हीने गोळी खराब होते, आणि आपल्याकडे कोकणात, मुंबईत पावसाळ्यात तर दमटपणा विचारूच नका. बेडरूममधलं कोरडं कपाट बेस्ट, फक्त लहान मुलांचा हात पोचणार नाही असं बघा. पाकिटावर 25 किंवा 30 डिग्रीच्या खाली असं लिहिलेलं असतं ते वाचा, आणि फ्रिजमध्ये ठेवा असं लिहिलं नसेल तर उगाच फ्रिजमध्ये टाकू नका.

स्ट्रिप कापताना एक्सपायरी छापलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवा, मेडिकलवाला चार गोळ्या कापून देतो तेव्हा तारीख बहुतेक त्याच्याकडेच राहते म्हणून तिथेच मोबाईलवर फोटो काढून घ्या. एक्सपायरी 08/2027 असेल तर ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते, पण नीट ठेवली असेल तरच!

थायरॉईडच्या गोळ्या बाटलीतच राहू द्या, झाकण घट्ट लावा, आतली सिलिका जेलची पुडी फेकू नका. आणि ॲस्पिरिनला व्हिनेगरसारखा आंबट वास यायला लागला की ती ओल लागून बिघडली समजा, तारीख बाकी असली तरी घेऊ नका.