गोवा–हंपी रात्रीची बस: उतरण्याचे ठिकाण आधी ठरवा

गोव्यातील होस्टेलमधून हंपीकडे एकट्याने निघताना तिकिटापूर्वी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे हंपीतील आपले होस्टेल तुंगभद्रेच्या कोणत्या काठावर आहे. बहुतेक बस हंपीपासून सुमारे १३ किलोमीटरवरील होसपेटला सोडतात, आणि दक्षिण काठावर मुक्काम असेल तर ते सोयीचेच आहे. परंतु उत्तर काठावरील सणापूर किंवा आनेगुंदी येथे खाट राखून ठेवली असेल, तर पहाटे होड्या सुरू झालेल्या नसतात, पावसाळ्यात नदी फुगल्यावर त्या बंदही ठेवतात, आणि मग रिक्षाने लांबचा वळसा घ्यावा लागतो. अशा वेळी नदीच्या उत्तरेकडील गंगावती या गावापर्यंत जाणारी बस मिळते का, ते अवश्य पाहावे.

स्लीपरमध्ये एकट्या प्रवाशाने एकेरी बर्थच निवडावा, नाहीतर दुहेरी बर्थवर अनोळखी सोबती वाट्याला येतो. तो बर्थ चाकावरचा नसावा. ओळखपत्र, पैसे आणि फोन डिकीतल्या सॅकमध्ये न ठेवता अंगाजवळच्या लहान पिशवीत ठेवावेत. होस्टेलमध्ये खाट सहसा दुपारीच मिळते, म्हणून सकाळी सामान ठेवू देतील का, हे आदल्या दिवशीच फोन करून विचारावे.