गिटारच्या इफेक्टचे सर्किट आधी ब्रेडबोर्डवर

परभणी, बीड किंवा धाराशिवसारख्या ठिकाणी इफेक्ट पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी पायाने चालवायची पेटी, दुकानात वाजवून पाहून घेण्याची सोय फारशी नसते. पण त्या पेडलच्या आत जे भाग असतात, त्यांतले बहुतेक भाग टीव्ही, रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्तीचे सुटे सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळतात. म्हणूनच इफेक्ट स्वतः बांधून शिकण्याचा मार्ग इकडच्या विद्यार्थ्याला परवडणारा आहे, आणि त्याची सुरुवात सोल्डरिंग आयर्नने न करता ब्रेडबोर्डने, म्हणजे सोल्डर न करता भाग छिद्रांत खोवून सर्किट जुळवायच्या बोर्डाने, करावी. ब्रेडबोर्डवर एक रेझिस्टर उपसून दुसरा लावायला काही सेकंद लागतात, आणि त्या बदलाने आवाजात काय फरक पडला हे लगेच ऐकू येते; सर्किट कळण्याचा याहून सरळ उपाय मला तरी माहीत नाही.

साधारणपणे ८३० छिद्रांचा बोर्ड घ्यावा. त्याच्या मधोमध एक खाच असते आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना ६३ स्तंभ असतात. एका बाजूच्या एका स्तंभातली पाच छिद्रे आतून एकमेकांना जोडलेली असतात. खाचेपलीकडच्या पाच छिद्रांशी मात्र त्यांचा संबंध नसतो. कडेच्या लांब पट्ट्या वीजपुरवठ्यासाठी असतात. काही बोर्डांत या पट्ट्या मध्यावर तुटक असतात, आणि रंगीत रेघही तिथेच खंडित दिसेल याची खात्री नसते. त्यामुळे नवा बोर्ड हाती आला की मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे जोड अखंड आहे का ते दाखवणाऱ्या खुणेवर, ठेवून पट्टीची दोन्ही टोके तपासावीत. एकाच भागाचे दोन्ही पाय एकाच स्तंभात खोवले, तर तो भाग सर्किटच्या दृष्टीने नसल्यासारखाच होतो. नवशिक्यांच्या बोर्डावर ही चूक वारंवार दिसते.

जोडणीसाठी एकाच जाड तारेची वायर लागते. एकतारी लॅन केबलच्या तुकड्यातून अशा आठ वायरी निघतात आणि त्यांची जाडी या छिद्रांना मानवते. अनेक बारीक तारांची वायर छिद्रात नीट बसत नाही, तिच्या तारा पसरतात आणि शेजारच्या स्तंभाला चिकटतात. उलट १एन ४००७ सारख्या डायोडचे जाड पाय छिद्रातली स्प्रिंग कायमची सैल करू शकतात, म्हणून ते बोर्डात दामटू नयेत. गिटारची ६.३५ मिलिमीटरची जॅक आणि पॉट, म्हणजे दांडा फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, हे तर थेट बोर्डात बसतच नाहीत; त्यांना आखूड वायरी सोल्डर करून ठेवाव्यात. तेवढे सोल्डरिंग एकदाच करायचे असते आणि ते सामान पुढच्या प्रत्येक प्रयोगाला उपयोगी पडते.

पहिल्या सर्किटसाठी डिले किंवा कोरससारख्या गुंतागुंतीच्या इफेक्टच्या मागे लागू नये. एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर, म्हणजे गिटारचा सिग्नल मोठा करणारे सर्किट, पुरेसा आहे. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीने १९६८ च्या सुमारास आणलेला एलपीबी-१ याच जातीचा होता. त्याच धर्तीचे, इकडे सहज मिळणाऱ्या मूल्यांच्या भागांचे सर्किट पुढे दिले आहे. त्यासाठी बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, ४७० किलोओहम, ४७ किलोओहम, १० किलोओहम आणि ३९० ओहमचा प्रत्येकी एक रेझिस्टर, १०४ छापलेले म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, १०० किलोओहमचा एक पॉट, दोन जॅक आणि ९ व्होल्टची बॅटरी क्लिपसह लागेल.

स्तंभ १ आपल्या डाव्या हाताला येईल असा बोर्ड ठेवावा आणि सगळे भाग खाचेच्या एकाच बाजूला लावावेत. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे केली की डावीकडून कलेक्टर, बेस आणि एमिटर असा क्रम लागतो. त्याचे पाय थोडे फाकवून अनुक्रमे २०, २२ आणि २४ या स्तंभांत खोवावेत. येथे सावध राहावे, कारण परदेशी आकृत्यांमध्ये आढळणाऱ्या २एन ३९०४ किंवा २एन ५०८८ या ट्रान्झिस्टरांत हाच क्रम उलटा, म्हणजे एमिटर, बेस, कलेक्टर असा असतो, आणि आकृतीतली मांडणी जशीच्या तशी उचलली तर सर्किट चालत नाही. त्यानंतर स्तंभ २२ मधून ४७० किलोओहम धन पट्टीला आणि ४७ किलोओहम ऋण पट्टीला जोडावा. स्तंभ २० मधून १० किलोओहम धन पट्टीला आणि स्तंभ २४ मधून ३९० ओहम ऋण पट्टीला न्यावा. पहिला कपॅसिटर १८ आणि २२ या स्तंभांत बसवून गिटारकडून येणाऱ्या जॅकच्या टोकाची (टिपची) वायर १८ मध्ये द्यावी. दुसरा कपॅसिटर २० आणि २६ मध्ये बसतो. पॉटचा दांडा आपल्याकडे आणि पाय खाली धरल्यास उजवा पाय स्तंभ २६ ला, डावा ऋण पट्टीला आणि मधला पाय अॅम्पकडे जाणाऱ्या जॅकच्या टोकाला जोडावा. दोन्ही जॅकचे ग्राउंड आणि बॅटरीची काळी वायर ऋण पट्टीत येते. लाल वायर सर्वांत शेवटी धन पट्टीत लावावी.

सुरुवातीला अॅडॉप्टर वापरू नये. स्वस्त अॅडॉप्टरची गुणगुण सर्किटचीच वाटते आणि नवशिका नसलेला दोष शोधत बसतो. शिवाय पेडलच्या अॅडॉप्टरमध्ये बहुधा मधली पिन ऋण असते, त्यामुळे उलट जोडणीचा धोकाही असतो. या सर्किटला एक मिलिअँपिअरपेक्षा कमी प्रवाह लागतो, म्हणून बॅटरी पुष्कळ टिकते, आणि भारनियमनात अॅम्प बंद पडला तरी मोजमापाचे काम थांबत नाही. मात्र अॅम्पच्या आतले किंवा घरातल्या २३० व्होल्टशी जोडलेले काहीही ब्रेडबोर्डवर कधीच आणू नये.

गिटार जोडण्याआधी मोजावे. मल्टिमीटरची काळी तार ऋण पट्टीवर ठेवली असता बेसवर सुमारे ०.८ व्होल्ट, एमिटरवर सुमारे ०.२ व्होल्ट आणि कलेक्टरवर साधारण साडेतीन ते साडेपाच व्होल्ट दिसले पाहिजेत. कलेक्टरवर जवळजवळ पूर्ण ९ व्होल्ट दिसले तर ट्रान्झिस्टरमधून प्रवाह वाहत नाही असे समजावे. मग बेसचा ४७० किलोओहम, एमिटरचा रेझिस्टर आणि पायांचा क्रम पाहावा. कलेक्टर आणि एमिटर दोन्हींवर जवळपास सारखेच, तेही अर्ध्या व्होल्टच्या खाली दिसले, तर ४७ किलोओहमची जोडणी सुटली असण्याची शक्यता अधिक. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवायची सवय लावली की पुढचे कोणतेही सर्किट अंधारात चाचपावे लागत नाही.

आकडे बरोबर असूनही आवाज येत नसेल, तर एका जादा वायरीच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून ती अॅम्पकडे जाणाऱ्या जॅकला जोडावी. या जॅकवरची पॉटची वायर तेवढ्यापुरती काढून ठेवावी. गिटार छेडत, किंवा मोबाइलमधले गाणे हळू आवाजात सर्किटमध्ये सोडून, कपॅसिटरचे मोकळे टोक आधी स्तंभ १८, मग बेस, मग कलेक्टर, मग स्तंभ २६ असे टेकवत जावे. आवाज जिथे हरवतो, त्याच्या अलीकडच्याच भागात दोष असतो. वैद्याने नाडी पाहत जावे तसे हे काम आहे, आणि महागड्या ऑसिलोस्कोपवाचून ते उत्तम साधते.

सर्किट चालू झाल्यावर खरा अभ्यास सुरू होतो. या बूस्टरची वाढ अंदाजे वीसपट आहे, कारण कलेक्टरच्या १० किलोओहमचे एमिटरकडच्या ३९० ओहमशी जे प्रमाण, त्याच्या आसपास ती राहते. ३९० च्या जागी १ किलोओहम लावून पाहिला की आवाज उतरतो. स्तंभ १८ मधला ०.१ मायक्रोफॅरड काढून तिथे १०३ छापलेला, म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरडचा लावावा. या सर्किटचा इनपुट, म्हणजे सिग्नल आत येण्याची बाजू, गिटारला तीसएक किलोओहमचा दिसतो, त्यामुळे आधी ५० हर्ट्झच्या आसपास असलेली खालची मर्यादा आता ५०० हर्ट्झच्या जवळ जाते, आणि जाड तारेचा ८२ हर्ट्झचा स्वर अगदी क्षीण होऊन तीक्ष्ण स्वर पुढे येतात. पुढे दोन १एन ४१४८ डायोड एकमेकांच्या उलट दिशेने स्तंभ २६ आणि ऋण पट्टी यांच्यामध्ये लावले की लहर दोन्ही बाजूंनी सुमारे ०.६ व्होल्टवर छाटली जाते व बूस्टरचे डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज खरखरीत करणारा इफेक्ट, होते. त्यांच्या जागी दोन लाल एलईडी लावले तर छाटणी दीड व्होल्टच्या पुढे जाते आणि आवाज मोठा पण मोकळा राहतो. एका वेळी एकच भाग बदलावा, कारण दोन बदलले की फरक कोणाचा हे सांगता येत नाही.

लग्नाच्या बँजो पार्टीतल्या वाद्याला पिझो पिकअप, म्हणजे कंपनांचा सिग्नल करणारी चकती, चिकटवलेला असेल, तर हा बूस्टर त्याला लावू नये. तीसएक किलोओहमच्या भाराने त्याचा खालचा स्वर गळून जातो. तिथे किमान १ मेगाओहमचा इनपुट असलेले, टीएल ०७२ सारख्या ऑप-अॅम्पचे (सिग्नल वाढवणाऱ्या चिपचे) सर्किट हवे. ती चिप खाचेवर आडवी बसवतात, पाय ४ ऋण आणि पाय ८ धन पट्टीला जातो, आणि १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी तयार केलेला साडेचार व्होल्टचा मध्यबिंदू तिला लागतो. पाय ८ ला चिकटूनच ०.१ मायक्रोफॅरड ग्राउंडला द्यावा, नाहीतर लांब वायरींमुळे सर्किट स्वतःच शिटी घालू लागते.

ब्रेडबोर्डला धातूचे कवच नसल्यामुळे थोडी गुणगुण राहणारच. पंख्याचा रेग्युलेटर आणि एलईडी दिवे लांब ठेवावेत, वायरी आखूड कराव्यात आणि तेवढ्यावर समाधान मानावे; धातूच्या डब्यात गेल्यावर ती बरीच कमी होते. उन्हाळ्यातली धूळ मात्र छिद्रांत जाऊन संपर्क बिघडवते, म्हणून काम नसताना बोर्डावर कापड टाकावे.

मनाजोगता आवाज मिळाला की बसवलेल्या प्रत्येक भागाचे ओहम किंवा मायक्रोफॅरडमधले मूल्य कागदावर उतरवावे, मांडणीचा मोबाइलवर फोटो काढावा, आणि झिरो पीसीबीवर, म्हणजे छिद्रांच्या कोऱ्या बोर्डावर, सोल्डर करण्यासाठी त्याच भागांचा दुसरा संच आणावा. सोल्डर केलेले सर्किट चालून दोन्हींचा आवाज एकाच गिटारवर पडताळून होईपर्यंत बोर्डावरचे मूळ सर्किट मोडू नये.